गुडघेबदलानंतर त्याच दिवशी उभे का करतात

गुडघेबदलाची शस्त्रक्रिया झाली की आज बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, रुग्णाच्या हातात वॉकर देऊन त्याला उभे केले जाते. घरच्यांच्या पोटात गोळा येतो. एवढी हाडे कापलेली, जखम ओली, आणि आताच उठवायचे? ही भीती अगदी स्वाभाविक आहे. शंभर वर्षे डॉक्टरांनाही हीच भीती वाटत होती. ती कशी गेली, हे कळले तर शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या आणि नंतरचे कंटाळवाणे व्यायाम यांच्याकडे बघण्याची दृष्टी बदलते. म्हणून हा मागोवा.

कृत्रिम गुडघ्याची पहिली ठळक नोंद १८९० सालची, बर्लिनमधली. थेमिस्टोक्लीस ग्लुक या शल्यविशारदाने क्षयाने खाल्लेला गुडघा काढून त्या जागी हस्तिदंताची बिजागरी बसवली. कल्पना काळाच्या फार पुढची होती, पण ज्या सांध्यात आधीच जंतू होते तिथेच ती बसवलेली. संसर्ग उफाळला आणि प्रयोग फसला. शरीरात बाहेरची वस्तू ठेवायची तर जंतूंना आधी बाहेर काढले पाहिजे, हा धडा इथूनच सुरू होतो.

पुढचा खरा टप्पा थेट १९५० च्या दशकातला. स्वीडनमध्ये वॉल्डियस आणि ब्रिटनमध्ये शियर्स यांनी बिजागरीचेच गुडघे बनवले, एकाने आधी अ‍ॅक्रिलिकचे, दुसऱ्याने पोलादाचे. पण खरा गुडघा नुसता मिटत-उघडत नाही. वाकताना तो थोडा घरंगळतो, थोडा सरकतो आणि किंचित फिरतोही. बिजागरीला हे जमत नव्हते, त्यामुळे प्रत्येक पावलाचा पीळ हाडावर येई आणि सांधा सैल होई. वाट सापडली ती खुब्याच्या कामातून. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी १९६२ साली खुब्यासाठी धातू आणि दाट पॉलिएथिलीन (एक प्रकारचे प्लास्टिक) यांची जोडी वापरली आणि ती हाडाला शस्त्रक्रियेसाठीच्या खास सिमेंटने पक्की केली. तिथेच काम करणाऱ्या फ्रँक गन्स्टन यांनी १९६८ मध्ये हीच जोडी गुडघ्यात आणली, बिजागरीशिवाय. मग १९७४ साली न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल, भारतात शिकलेले चित्तरंजन राणावत आणि अभियंता पीटर वॉकर यांचा ‘टोटल काँडायलर’ गुडघा आला. आजचे बहुतेक गुडघे त्याचेच वंशज आहेत.

म्हणजे सांध्याचा मूळ आराखडा पन्नास वर्षांपूर्वीच ठरला. त्यानंतर सुधारणा झाल्या, पण रुग्णाच्या वाट्याला आलेला सर्वांत मोठा फरक धातूमुळे पडलेला नाही. तो पडला शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे दिवस कसे घालवायचे, याची समज बदलल्यामुळे. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते.

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी, असा नियम घालून दिला. त्यांच्या नावाचे स्प्लिंट, म्हणजे पाय स्थिर धरून ठेवणारा आधार, आजही वापरतात. हा नियम मूर्खपणाचा नव्हता, हे इथे सांगितले पाहिजे. क्षयावर औषध नसलेल्या काळात सडणारा सांधा हलवणे खरोखर धोक्याचे होते. अडचण अशी की तो नियम क्षय मागे पडल्यावरही टिकला आणि ज्यांना त्याची गरज नव्हती अशांनाही लागू होत राहिला. फ्रान्समध्ये ल्यूका-शांपिओनिएर हाडे मोडल्यावरही लवकर हालचाल आणि मालिश करावी असे सांगत होते, पण त्यांचे ऐकणारे थोडे.

तडा गेला तो दुसऱ्या महायुद्धात. खाटा कमी, जखमी अफाट. शस्त्रक्रिया झालेल्यांना लवकर उठवण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि लवकर उठलेले बिघडत नाहीत, उलट सुधारतात, हे दिसू लागले. १९४७ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी अंथरुणाच्या धोक्यांवर एक गाजलेला लेख लिहिला: पायात रक्ताच्या गुठळ्या, छातीत कफ, पाठीला व्रण, स्नायूंची झीज, मनाची मरगळ. त्याच सुमारास अमेरिकेत थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांच्या मांडीच्या स्नायूंना हळूहळू वाढत्या वजनाचा व्यायाम देत होते. आज फिजिओथेरपिस्ट पायाला वजन बांधून ‘दहा वेळा उचला’ म्हणतो, त्याचे मूळ तिथे आहे.

मांडीच्या पुढच्या स्नायूकडे, म्हणजे क्वाड्रिसेप्सकडे, जरा थांबून बघायला हवे, कारण गुडघ्याच्या बरे होण्याची बरीचशी गोष्ट त्याचीच आहे. १९६५ मध्ये एका अभ्यासात निरोगी गुडघ्यात द्रव भरून पाहिला गेला. सांधा फुगला की हा स्नायू दुबळा पडतो, असे आढळले. स्नायूला इजा नसते. सुजलेल्या सांध्याकडून येणारे संदेश त्याला मज्जारज्जूच्या पातळीवरच रोखून धरतात. गुडघेबदलानंतर नेमके हेच होते. पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद अर्ध्यावर किंवा त्याहूनही खाली येते. रुग्ण म्हणतो, ‘पाय उचलतच नाही हो,’ आणि घरच्यांना वाटते की धीर कमी पडतोय. धीराचा यात काही दोष नसतो. बर्फाचा शेक, पाय उंच ठेवणे आणि दिवसातून अनेकदा मांडी आवळून सोडणे, हे सगळे ती बंद पडलेली वाट पुन्हा उघडण्यासाठी असते.

लवकर हालचालीचा विचार रुजला, तसा तो दुसऱ्या टोकालाही गेला. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० च्या दशकात सशांवरच्या प्रयोगांतून दाखवले की सांधा सतत हलता ठेवला तर कुर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, चांगली भरते. त्यातून पाय आपोआप वाकवणारे-सरळ करणारे यंत्र आले आणि १९८० च्या दशकात गुडघेबदलाच्या रुग्णांचे पाय तासन्‌तास त्यात ठेवले जाऊ लागले. पुढे सगळे अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसले की यंत्रामुळे गुडघा वाकण्यात सरासरी दोनेक अंशांचाच फरक पडतो. एवढा फरक रुग्णाच्या लक्षातही येत नाही. बऱ्याच ठिकाणी यंत्र मागे पडले. पाय दुसऱ्याने हलवणे आणि आपण स्वतः हलवणे यांत अंतर आहे. पहिल्यात सांधा फिरतो, पण स्नायू झोपलेलाच राहतो.

तरीही १९९० पर्यंत अनेक रुग्णालयांत मुक्काम एक ते दोन आठवड्यांचा असे. तो प्रश्न डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी सरळ विचारला: हा रुग्ण आज घरी का जाऊ शकत नाही? उत्तरे साधी निघाली. दुखते, मळमळते, चक्कर येते, पायात बळ नाही. मग एकेक कारण वेगळे काढून त्यावर उपाय करायचे. १९९७ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. सुरुवात पोटाच्या शस्त्रक्रियांपासून झाली, नंतर ती सांध्यांकडे आली. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही न देण्याचा नियम सैल झाला. सर्वसाधारणपणे साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, अर्थात भूलतज्ज्ञ सांगतील तेच खरे. वेदनेसाठी फक्त अफूवर्गीय औषधांवर भर न देता अनेक औषधे थोडी थोडी दिली जाऊ लागली, कारण त्या एका औषधानेच ओकारी आणि गुंगी येत होती. मांडीचा मुख्य मज्जातंतू बधिर केला तर दुखणे थांबे, पण क्वाड्रिसेप्सही लुळा पडे आणि उभे राहताच गुडघा दुमडून रुग्ण पडत. म्हणून बधिर करण्याची जागा मांडीत खाली सरकवली गेली. तिथे वेदना थांबते, बळ बरेचसे राहते. १९६२ मध्ये जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्याने शोधलेले ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड गुडघ्यात वापरात आले, रक्तस्राव घटला आणि बाटल्या चढवण्याची वेळ क्वचित येऊ लागली. त्याच दिवशी उभे करणे शक्य झाले ते या सगळ्याच्या जोरावर.

शस्त्रक्रियेआधीच्या तयारीमागे मुख्यतः संसर्गाची धास्ती आहे. ग्लुकच्या अपयशापासून चार्न्लींच्या शुद्ध हवेच्या शस्त्रक्रियागृहापर्यंत, आणि १९७० मध्ये जर्मनीत बुखहोल्झ यांनी सिमेंटमध्येच अँटिबायोटिक मिसळले तिथपर्यंत, ती एकच लढाई आहे. धातूवर जंतूंचा थर एकदा बसला की औषध तिथे नीट पोचत नाही. अनेकदा पुन्हा उघडून सांधा बदलावा लागतो. म्हणूनच साखर आटोक्यात आल्याशिवाय तारीख देत नाहीत, तंबाखू आणि सिगारेट काही आठवडे आधी बंद करायला लावतात, दाताचा गळू, पायाची चीर, लघवीची जळजळ विचारतात, हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी भरून काढतात. तारीख पुढे गेली की रुग्ण नाराज होतात. नाराज होऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ही ठरवून करायची शस्त्रक्रिया आहे आणि तीन आठवड्यांची वाट पाहणे पुन्हा उघडण्यापेक्षा फार स्वस्त पडते.

आधीपासून मांडीचे व्यायाम करावेत का, यावर मतभेद आहेत. फायदा दिसतो तो मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत, पुढे फरक पुसट होतो. तरी मी ते करावेत असेच म्हणेन. भूल उतरल्यावर, दुखत असताना, नवा व्यायाम शिकणे कठीण जाते; तो आधीच अंगवळणी पडलेला बरा.

घरी आल्यावरची सर्वांत मोठी चूक जुन्या विश्रांतीच्या कल्पनेतूनच येते: गुडघ्याखाली उशी. आराम वाटतो, पण गुडघा अर्धवट वाकलेल्या अवस्थेत आखडतो. सगळ्यांचे लक्ष किती वाकतो याकडे असते, तर चालीसाठी पाय पूर्ण सरळ होणे जास्त महत्त्वाचे असते. सपाट चालायला साठ-सत्तर अंश पुरतात, जिना आणि खुर्ची यांना नव्वदच्या आसपास लागतात. पण सरळ न होणारा गुडघा प्रत्येक पावलाला लंगडा करतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली. पोटरी अचानक सुजून दुखली, धाप लागली, जखमेतून पाणी येत राहिले किंवा ताप चढला, तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे.

सांधा किती टिकतो, याची उत्तरे नोंदवह्यांमुळे मिळाली. स्वीडनने १९७५ मध्ये प्रत्येक कृत्रिम गुडघ्याची नोंद ठेवायला सुरुवात केली, मग इतर देश आले. अशा नोंदींवर आधारलेल्या २०१९ च्या एका विश्लेषणानुसार शंभरातले सुमारे ८२ गुडघे पंचवीस वर्षे टिकतात. त्याच वेळी वेगवेगळ्या पाहण्यांत साधारण पाचातला एक रुग्ण पूर्ण समाधानी नसल्याचेही आढळते. काहींचे दुखणे राहते, काहींनी अपेक्षाच तरुणपणीच्या गुडघ्याची ठेवलेली असते. सहा आठवड्यांत काठी सुटते, पण ताकद आणि सूज यांना सावरायला वर्ष लागू शकते, हे शस्त्रक्रियेच्या आधी, सही करण्यापूर्वी, रुग्णाला आणि घरच्यांना समोर बसवून सांगितले गेले पाहिजे.