तलवारीचे पिक्चर, जादूचे पिक्चर आणि डबिंगबंदी: सीमाभागातली पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या पन्नाशीपुढच्या प्रेक्षकाला ‘तलवारीचा पिक्चर’ म्हटले की एकच चित्रपट आठवत नाही. दारासिंगचा हर्क्युलस, मद्रासच्या स्टुडिओतला दाढीवाला मांत्रिक, तारेवर उडणारा गालिचा आणि कातडे गुंडाळलेला विदेशी रानगडी, सगळे एकात एक मिसळून येतात. ही सरमिसळ उगाच झालेली नाही. चित्रपट वितरणाची जुनी हद्द, कॅम्पातली इंग्रजी पिक्चरची सवय आणि कर्नाटकातली डबिंगबंदी, म्हणजे परभाषेतल्या चित्रपटाला कन्नड आवाज देण्यावरची बंदी, ही तिची तीन कारणे. तिसऱ्याबद्दल सीमाभागात इतके उलटसुलट बोलले जाते की ते नीट मांडणे गरजेचे आहे.

फार मागे जायचे तर कोल्हापूर. तिथल्या मूकपटांनी ढालतलवार पडद्यावर आणली आणि 1929 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रभात’ने 1932 मध्येच ‘मायामच्छिंद्र’ काढून तिला चमत्काराची जोड दिली. घरात नवनाथांची पोथी लागणाऱ्या प्रेक्षकाला स्त्रीराज्य, भस्म, मंत्र हे काही नवे नव्हते. पुढे मराठी चित्रपट सामाजिक कथा, तमाशा आणि विनोद यांकडे वळला आणि जादूचे खाते इतरांकडे गेले.

1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्यानंतरची कहाणी इथे कुणाला सांगायला नको. पण एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. राज्याची हद्द बदलली तरी चित्रपट वितरणाची हद्द बदलली नाही. वितरकांच्या हिशेबात मुंबई इलाख्यातले जुने कानडी जिल्हे ‘बॉम्बे सर्किट’मध्येच राहिले. त्यामुळे हिंदी पिक्चरच्या पेट्या मुंबईच्या वाटेने येत राहिल्या आणि मुंबईच्या छोट्या कंपन्यांनी काढलेले अलादिन, हातिमताई, सिंदबाद असले खेळ इथल्या टॉकीजमध्ये आणि जत्रांच्या तंबूत पोचले. मोठ्या कंपन्यांचा सामाजिक चित्रपट एकदा लागून जाई, जादूचा पुन्हा पुन्हा लागे.

या चित्रपटांच्या ट्रिका साध्या होत्या. मुंबईच्या स्टंटपटांत काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाला ‘काळा धागा’ हेच टोपणनाव पडले होते, कारण 1937 च्या एका चित्रपटात अदृश्य माणसाच्या करामतीसाठी त्याने काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून दाखवल्या होत्या. पुढे याच तंत्रज्ञाने दिग्दर्शक होऊन 1962 मध्ये दारासिंगला ‘किंगकाँग’मध्ये नायक केले. आखाड्यातला खरा पैलवान पडद्यावर राक्षसाशी भिडतो म्हटल्यावर गावोगाव तालमी असलेल्या या भागात त्याला प्रेक्षक शोधावा लागला नाही. दारासिंग उभा कसा राहतो, पट कसा काढतो, हे इथे जाणत्या नजरेने पाहिले जाई. कथानक कच्चे असले तरी कुस्ती खोटी चालत नसे.

मद्रासचा धागा वेगळा. 1951 च्या ‘पाताळभैरवी’ची हिंदी आवृत्ती दुसऱ्याच वर्षी आली. तो काढणाऱ्या संस्थेमागचे लोक आणि ‘चांदोबा’ मासिकामागचे लोक एकच होते. बेळगावातले मराठी पोर ‘चांदोबा’ वाची, शेजारचे कानडी पोर ‘चंदमामा’, आणि दोघांच्या अंकात तीच चित्रे असत. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, असा स्मशानातून निघालेला विक्रम दोघांनी एकाच चित्रकाराच्या हातचा पाहिलेला. मद्रासचा जादूपट पडद्यावर आला तेव्हा मुकुट, महाल आणि मांत्रिक आधीच ओळखीचे होते, ते या मासिकामुळे.

विदेशी चित्रपट कॅम्पामुळे रुजले. लष्करी छावणीत इंग्रजी पिक्चर चालत, आणि शहापूर-वडगावची मुले सायकलने तिथे जात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हॉलिवूडच्या कंपन्यांचा भारत सरकारशी असलेला करार संपला आणि नव्या चित्रपटांची आवक काही वर्षे आटली. मग जुन्याच प्रिंट फिरत राहिल्या. रेघोट्या पडलेल्या, जोडकाम केलेल्या, पण लोकांनी त्या पाहिल्या. बाहेर 1982 मध्ये रानगडी तलवारबाजाचा हॉलिवूडपट ‘कोनान’ आला आणि त्याच्या पाठोपाठ इटलीत, अर्जेंटिनात स्वस्तातल्या नकलांचा पूर आला. आपल्याकडे हे सगळे उशिरा, सुटेसुटे आले. म्हणून इथल्या आठवणीत 1963 च्या ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’मधले सांगाडे आणि 1982 चा योद्धा एकाच काळातले वाटतात.

त्या सांगाड्यांची लढाई मात्र मन लावून पाहण्यासारखी आहे. तीन माणसे आणि सात सांगाडे. नटांनी आधी तलवारबाजांबरोबर पवित्रे बसवले, मग समोर कुणी नसताना तेच वार हवेत केले. त्यानंतर वीतभर उंचीचे सांगाडे एकेका चौकटीसाठी किंचित किंचित हलवून त्या हवेतल्या वारांना जुळवले. काही मिनिटांच्या या प्रसंगाला चार महिन्यांहून अधिक लागले. सांगाडा ढाल वर घेतो तेव्हा त्याच्या हालचालीत बारीक हिसका असतो. आजच्या संगणकी सैन्यात तो नसतो. त्या हिसक्यात माणसाचा हात लागलेला दिसतो, आणि या चित्रपटांचा जीव त्यातच आहे असे माझे ठाम मत आहे.

आता डबिंगबंदी. 1960 च्या दशकापर्यंत कन्नड चित्रपट थोडे निघत आणि त्यांचे बरेचसे काम मद्रासमध्ये होई. तेलुगू-तमिळ चित्रपट कन्नड आवाज देऊन स्वस्तात आणता येत असताना मूळ कन्नड चित्रपटावर पैसा कोण लावणार, असा प्रश्न लेखक-कलावंतांनी उभा केला, चळवळ झाली आणि डबिंग थांबले. 1957 चा तेलुगू ‘मायाबाजार’ 1965 मध्ये कन्नड होऊन आला, तो त्या शेवटच्या काही चित्रपटांपैकी एक. कायदा मात्र कधीच झाला नव्हता. व्यवसायातल्या संघटनांनी पाळलेला आणि पाळायला लावलेला तो दंडक होता. त्यातून कन्नड चित्रपट उभा राहिला, कलाकार-तंत्रज्ञांना काम मिळाले, हे मान्य करायलाच हवे. त्या वेळची भीती खरी होती.

फटका सगळ्यात आधी बसला तो पौराणिक आणि जादूच्या चित्रपटांना. सामाजिक कथेत गाव, पेहराव, आडनावे अडतात. महाल, मुकुट आणि राक्षस कुठल्याही भाषेत खपतात, म्हणून डबिंगला हेच चित्रपट सोयीचे होते.

सीमाभागात या बंदीची आणि कन्नडसक्तीची गल्लत सर्रास होते. शाळा, कचेऱ्या, पाट्या यांच्या वादाला जोडून ‘मराठी-हिंदी पिक्चरवर बंदी होती’ असे म्हटले जाते. तसे नव्हते. बंदी होती ती कन्नड आवाजावर. मूळ भाषेतले मराठी, हिंदी, इंग्रजी चित्रपट लागत होते. मराठी चित्रपटाची इथली अडचण वेगळी होती, म्हणजे कन्नड चित्रपटांना करमणूक करात मिळणारी सवलत त्याला नव्हती. डबिंगबंदीने हिरावून घेतले ते कन्नड प्रेक्षकाचे. गोकाक-सौंदत्तीकडच्या मुलाला उडता घोडा स्वतःच्या भाषेत बोलताना ऐकायला मिळाला नाही.

आणि त्यामुळेच इथे एक गोष्ट घडली. मराठी आवाजाची अपेक्षा मराठी मुलाने कधी केलीच नव्हती. कन्नड आवाज बंदीने गेला. दोघेही परक्या भाषेतला पिक्चर बघायला बरोबरीने बसले. एकाला हिंदी जरा जास्त कळे, तो शेजारच्याला मोडक्या कानडीत सांगे: ‘अवनु मंत्रवादी (तो मांत्रिक), बघ आता साप करतोय त्याचा.’ 1982 मध्ये शाळांत कन्नडला पहिले स्थान मागणाऱ्या गोकाक अहवालाचे आंदोलन, 1986 मध्ये कन्नडसक्तीविरोधातले आंदोलन. बाहेर इतके तापलेले असताना तलवारीच्या पिक्चरला मात्र भाषा आड येत नव्हती. संवाद थोडे, वार जास्त. ज्या चित्रपटात बोलणे कमी, त्याच्यावर या दुभाषी मुलखाचे प्रेम जडावे, हे मला अगदी साहजिक वाटते.

बंदीविरुद्धची तक्रार पुढे बंगळूरच्या कन्नड ग्राहकांकडून आली. 2015 मध्ये स्पर्धा कायद्याखाली निकाल लागला आणि अडवणूक करणाऱ्या संघटनांना दंड झाला. मार्च 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या अशाच प्रकरणात डबिंग अडवणाऱ्यांविरुद्ध निकाल दिला, आणि तिथेही वाद बंगालीत डब केलेल्या ‘महाभारत’ मालिकेचाच होता. त्याच महिन्यात एक तमिळ चित्रपट कन्नड होऊन कर्नाटकात लागला. आता मोठा तेलुगू पोशाखी चित्रपट कन्नडमध्येही येतो. बेळगावात मराठी प्रेक्षक त्याच चित्रपटाच्या हिंदी खेळाला जातो, कन्नड प्रेक्षक कन्नड खेळाला. पडद्यावर कुठली भाषा असावी याच्या पन्नास वर्षांच्या वादात दोन्ही बाजूंना कन्नड माणसेच होती. सीमाभागातला मराठी प्रेक्षक त्यात पक्षकार नव्हता आणि त्याला कुणी विचारलेही नाही.