शेपटीला धरू नका

गणपतीत वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारच्या एका मांडवात मुलं मूषकाच्या कानात नवस सांगत होती. मूर्तीच्या कानात सांगून परीक्षेचा निकाल बदलत नाही, हे मुलांना आपणच सांगायला हवं. शेजारच्या आजींनी मला वेगळंच विचारलं, "अगं, औषधांपायी खऱ्या उंदरांना छळतात, त्यावर का नाही लिहीत?"

वडोदऱ्यात फार्मसी शिकणारी मुलं पुष्कळ, म्हणून लिहिते. प्राण्यांची काळजी ही नुसती भूतदया, तिचा प्रयोगाशी संबंध नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे.

उंदीर शेपटीला धरून उचलायचा, ही प्रयोगशाळांची जुनी रीत. उंदराच्या लेखी वरून झडप घालणारी ती घारच. भीती वाटली की मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला रासायनिक निरोप धाडतो. पीयूषिकेतलं एसीटीएच नावाचं संप्रेरक रक्तातून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतं आणि तिथून कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक सुटतं. माणसात हे काम मुख्यतः कॉर्टिसॉल करतं. कॉर्टिकोस्टेरॉन रक्तातली साखर वाढवतं, सूज दाबतं, प्रतिकारशक्तीला लगाम घालतं. आता याच उंदरावर मधुमेहाचं किंवा सुजेवरचं औषध तपासायचं असेल, तर आपण मोजलं काय? औषध की भीती?

"तुलनेसाठी ठेवलेला, औषध न दिलेला गटही तितकाच घाबरतो, मग भीतीचा परिणाम वजा होतो ना?" नाही होत. कुणी जास्त घाबरतो, कुणी कमी. उचलणारा हातही रोज बदलतो. आकडे विखुरतात, आणि त्या गोंधळातून औषधाचा परिणाम वेगळा काढायला आणखी उंदीर लागतात. शिवाय भीतीनंच सूज दबली असेल, तर औषधाला दाबायला उरतं काय?

२०१० मध्ये जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट या संशोधकांनी दाखवलं, की नळीत शिरू देऊन किंवा ओंजळीत घेऊन उचललं तर उंदीर कमी घाबरतात, आपणहून माणसाजवळ येतात. एक साधी नळी!

आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समित्या आहेत. पण समिती रोज पिंजऱ्यापाशी नसते. तिथे असतो पिंजरे साफ करणारा माणूस. घरट्यासाठी दिलेल्या कापसाला उंदरानं रात्रभर हात लावलाच नाही, तर तो आजारी असू शकतो, आणि ते पहिल्यांदा यालाच दिसतं. त्यानं सकाळी तसं सांगितलं, तर त्या दिवशीची सुई थांबते का, हे मला प्रत्येक प्रयोगशाळेला विचारायचं आहे.