टर्मिनलमधला कर्सर नेमका कुणाच्या ताब्यात?

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात माझ्या मामांची गुळाची पेढी आहे, तिथं बिलिंगचा प्रोग्राम अजून काळ्या स्क्रीनवरच चालतो, थेट लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कन्सोलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर, माऊस वगैरे भानगडच नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मामा सारखं म्हणायचे, "अरे ती रेघ कुठं गेलीया, घावंना झालंय," ती रेघ म्हणजे कर्सर, आणि खरंच गुळाच्या रव्यांचा, म्हणजे ढेपांचा, आकडा वजनाच्या रकान्यात जाऊन पडायचा. मला वाटलं एक कमांड मारून कर्सर ठळक केला की झालं, पण एका ठिकाणी चालणारी गोष्ट दुसरीकडं चालेना. असं का होतं हे शोधायला गेलो तर साठ वर्षं मागं जावं लागलं.

कर्सर म्हणजे लॅटिनमध्ये धावणारा. कॉम्प्युटरच्या आधी स्लाइड रूलवर बारीक रेघ असलेली जी सरकती काच असायची तिला कर्सर म्हणायचे. टेलिटाइपच्या, म्हणजे कागदावर छापणाऱ्या टर्मिनलच्या, जमान्यात कर्सरची गरजच नव्हती कारण कागदावर छापणारं डोकं कुठंय ते डोळ्यांना दिसायचंच. स्क्रीन आली आणि प्रश्न उभा राहिला. स्पेरी रँड या कॉम्प्युटर कंपनीच्या चार्ल्स किसलिंग यांनी १९६७ मध्ये लुकलुकणाऱ्या कर्सरसाठी पेटंटचा अर्ज केला, १९७० मध्ये ते मिळालं. अक्षरांच्या गर्दीत स्थिर खूण हरवते, उघडझाप करणारी डोळ्यात भरते, इतकी साधी गोष्ट, पण मामांचं दुखणं अगदी हेच होतं बघा.

१९७८ मध्ये डेक या कंपनीचं व्हीटी१०० टर्मिनल, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्क्रीन-कीबोर्डचा डबा, आलं. त्यात कर्सर ब्लॉक हवा की अंडरलाइन हे कीबोर्डवरच्या सेट-अप बटणातून निवडायचं, म्हणजे मालकी टर्मिनलच्या डब्याकडं. प्रोग्रामनं नुसते कोड पाठवून आकार बदलायची सोय त्याच कंपनीच्या व्हीटी५१० मध्ये दिसते, आणि आजही आपण तेच वापरतो: एस्केप, उघडा चौकोनी कंस, आकडा, स्पेस आणि मग छोटा क्यू. १ लुकलुकणारा ब्लॉक, २ स्थिर ब्लॉक, ३ आणि ४ अंडरलाइन. उभी दांडी, म्हणजे ५ आणि ६, ही एक्सटर्म या खिडकीत चालणाऱ्या टर्मिनल प्रोग्रामनं नंतर जोडलेली भर.

पीसीचं घराणं मात्र वेगळं. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या डिस्प्ले कार्डवर मोटोरोलाची ६८४५ चिप होती, कर्सर अक्षराच्या कितव्या आडव्या ओळीपासून कितव्या ओळीपर्यंत रंगवायचा हे तिच्या दोन रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या छोट्या कप्प्यांत, लिहायचं, उघडझाप कार्ड स्वतःच करायचं. लिनक्सचा कन्सोल याच पद्धतीवर वाढला, म्हणून त्याचे कोडही वेगळे, कंसानंतर प्रश्नचिन्ह, आकडा आणि सी. २ दिला की अंडरलाइन, ६ दिला की ब्लॉक. पुढं फ्रेमबफर आला, म्हणजे स्क्रीनचा ठिपका न् ठिपका मेमरीतून रंगवायची पद्धत, तिथं कर्सरसाठी कार्डाकडून काहीच मिळत नाही, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः टायमर लावून दर २०० मिलिसेकंदांनी कर्सर दाखवतो-लपवतो, आणि २०१५ च्या ४.२ कर्नलपासून हा वेळही बदलता येतो. लुकलुकणं नकोच असेल तर सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंग जिथं फाइलींसारख्या दिसतात तिथं, फ्रेमबफर कन्सोलची कर्सर-ब्लिंक नावाची फाइल आहे, तिच्यात शून्य लिहायचं.

आणि नोम टर्मिनल वगैरे डेस्कटॉपच्या खिडकीतले टर्मिनल हे तिसरं घर. तिथं जीटीके, म्हणजे खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी, १२०० मिलिसेकंदांचं चक्र धरतं आणि कीबोर्डला हात लागला नाही तर १० सेकंदांनी उघडझाप बंद करतं, उगाच प्रोसेसरला उठवायला नको म्हणून. मला हा निर्णय फार आवडतो, लॅपटॉपची बॅटरी वाचते.

आता पेढीवरची गंमत. मी लॉगिनच्या फाइलीत ६ चा कोड टाकला, झकास ठसठशीत ब्लॉक आला, मामा खूश, आणि बिलिंग उघडलं की परत तीच बारीक रेघ! त्या प्रोग्रामची भिस्त एनकर्सेस या अक्षरी स्क्रीन सांभाळणाऱ्या लायब्ररीवर, ती टर्मइन्फोमध्ये, म्हणजे कुठल्या टर्मिनलला कोणते कोड लागतात त्या यादीत, बघते की "नॉर्मल कर्सर" म्हणजे काय, आणि लिनक्स कन्सोलच्या नोंदीत तिथं लिहिलंय शून्य, म्हणजे कर्नलचा जो डिफॉल्ट, आधीच ठरलेला, आकार असेल तो. डिफॉल्ट अंडरलाइन, म्हणून माझा ब्लॉक दरवेळी पुसला जायचा. मग भांडण प्रोग्रामशी नाहीच, डिफॉल्टशी आहे. मशीन सुरू करणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये कर्नलच्या ओळीला व्हीटी डॉट कर-डिफॉल्ट हा पॅरामीटर जोडला, किंमत ६, ग्रब अपडेट केलं, मशीन रिबूट.

बिलिंग उघडलं तर रकान्यात पांढरा चौकोन ठळक उघडझाप करत उभा. मी विचारलं लुकलुकणं बंद करू का, तर मामा म्हणाले, "नको नको, लुकलुकू दे, त्यामुळंच तर घावतंय."