काढून ठेवलेले आईचे दूध आणि दात येणारे बाळ

आईने हाताने किंवा पंपाने काढलेले अंगावरचे दूध थंड ठेवून बाळाला नंतर पाजण्याची, आणि दात येऊ लागले की तेच दूध गार किंवा गोठवून हिरड्यांना देण्याची पद्धत. ही गरज नेमकी नोकरीवर परतताना पडते. 2017 च्या कायदादुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा 26 आठवड्यांची आहे. त्यातले 8 पर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. खालचे पुढचे दात साधारण सहाव्या महिन्यात डोकावतात. म्हणजे सगळी रजा बाळंतपणानंतरच घेतली, तर आई पणजीची बस धरू लागते तेव्हाच घरी आजीच्या मांडीवर लाळेने झबले भिजत असते.

काढलेले दूध 25 अंशांपर्यंत 4 तास टिकते, असे सर्वत्र सांगतात. गोव्यात हा हिशेब फसवा. इथे पावसाळ्यातही दुपारी पारा बहुधा त्याच्या वर असतो, त्यामुळे दूध काढल्याबरोबर फ्रिजमध्ये जावे, तेही दारात नव्हे, आत मागे. तिथे ते 4 दिवस राहते. उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये 6 महिने उत्तम. एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात इतकी थंडी नसते. वीज जाऊन गोठलेले दूध वितळू लागले, पण बर्फाचे कण शिल्लक असतील, तर ते पुन्हा गोठवता येते. पूर्ण वितळलेले मात्र फ्रिजमध्ये ठेवून 24 तासांत संपवायचे.

हिरड्या शिवशिवत असताना बाळ अनेकदा अंगावर नीट पीत नाही, चावते. अशा वेळी वाटी-चमच्याने गार दूध घेते. वर साय धरलेली असते. भांडे हलकेच फिरवले की मिसळते. गरम करायचेच तर कोमट पाण्यात, मायक्रोवेव्हमध्ये नाही. उष्टे दूध 2 तासांत वापरावे. गोठवलेला लहान तुकडा जाळीच्या चोखणीत घालूनच द्यावा, कारण नुसता तोंडात दिला तर घशात अडकू शकतो. तुकडा काही मिनिटांत विरघळतो, निम्मे दूध हनुवटीवरून लाळेऱ्यावर उतरते. बाळाला बसवून, समोर राहून द्यावे. याने दुखणे जात नाही, तेवढ्यापुरता गारवा मिळतो.

मधात कालवलेला टाकणखार (बोरॅक्स) हिरड्यांना चोळण्याची जुनी रीत मात्र सोडलेली बरी: टाकणखार विषारी, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा. ताप 38 अंशांवर गेला तर तो दातांचा म्हणून अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावे.