ब्रिटनमधील शालेय शिक्षण : चाइल्ड स्टुडंट व्हिसाची पात्रता, कागदपत्रे आणि खर्चाची मांडणी

नववी ते बारावीच्या टप्प्यावर पाल्याला ब्रिटनमधील शाळेत पाठवायचे असेल, तर ‘चाइल्ड स्टुडंट’ या व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. हा व्हिसा ४ ते १७ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांसाठी असून तो केवळ फी आकारणाऱ्या खासगी शाळांसाठीच दिला जातो. तेथील मोफत सरकारी शाळेत या व्हिसावर प्रवेश घेता येत नाही. लंडनमधील नातेवाइकाच्या घराजवळ चांगली सरकारी शाळा आहे, या भरवशावर केलेले अंदाजपत्रक म्हणून पहिल्याच टप्प्यावर बाद होते.

शाळेकडे परदेशी विद्यार्थी घेण्यासाठीचा ब्रिटिश गृहखात्याचा प्रायोजक परवाना हवा. विनाअट प्रवेश मिळाल्यावर शाळा ‘कास’ हा प्रवेशाची पुष्टी करणाऱ्या नोंदीचा संदर्भ क्रमांक देते. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो. शाळेची जुनी माहितीपुस्तिका हाताशी असेल, तर १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर आणि वसतिगृहाच्या शुल्कावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला आहे, हे लक्षात घेऊन फीचा आकडा करासह आहे की करावाचून, हे शाळेकडून लेखी विचारून घ्यावे.

सर्वांत काटेकोर भाग आर्थिक पुराव्याचा आहे. विद्यार्थी वसतिगृहात राहणार असेल, तर एका शैक्षणिक वर्षाची फी आणि निवास-भोजनाचे शुल्क एवढी रक्कम बँकेत सलग २८ दिवस असावी लागते, आणि या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपूर्वीच्या ३१ दिवसांच्या आत यावा लागतो. मधल्या काळात एका दिवसासाठी जरी शिल्लक कमी झाली, तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. शाळेला आधी भरलेली रक्कम ‘कास’मध्ये नोंदवलेली असल्यास ती वजा होते : समजा, वर्षाचा एकूण खर्च ४५,००० पौंड असून १५,००० पौंड भरून झाले आहेत, तर ३०,००० पौंडांची शिल्लक पुरते. रुपयाचा भाव घसरला की हीच शिल्लक पौंडात अपुरी ठरते, म्हणून खात्यात काही रक्कम जादा ठेवणे शहाणपणाचे. विद्यार्थी जवळच्या नातेवाइकाकडे राहणार असेल, तर फीखेरीज त्या नातेवाइकाकडे दरमहा ५७० पौंड या हिशेबाने कमाल नऊ महिन्यांची तरतूद असल्याचे दाखवावे लागते.

बाकीच्या रकमेचे खाते विद्यार्थ्याचे, आईवडिलांचे किंवा कायदेशीर पालकाचे असावे. आपल्याकडे मोठ्या खर्चाला आजोबा किंवा काका हातभार लावतात. ती रक्कम आधी आईवडिलांच्या खात्यात वर्ग करावी आणि मगच दिवस मोजायला सुरुवात करावी. शेअर आणि रोखे धरले जात नाहीत.

पासपोर्ट, ‘कास’, बँकेची विवरणपत्रे, मान्यताप्राप्त केंद्रातील क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र आणि पालकांचे संमतिपत्र ही मुख्य कागदपत्रे होत. संमतिपत्रात अर्जाला, प्रवासाला आणि ब्रिटनमधील राहण्याच्या व देखभालीच्या व्यवस्थेला संमती असल्याचे स्पष्ट लिहावे. नाते सिद्ध करणारा जन्मदाखला केवळ मराठीत असल्यास त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे.

९ एप्रिल २०२५ पासून भारतातून करायच्या अर्जाचे शुल्क ५२४ पौंड झाले. प्रत्यक्षात अर्जाच्या दिवशीचा दर लागू होतो. तेथील सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड असून तो व्हिसाच्या संपूर्ण मुदतीसाठी एकरकमी भरायचा असतो. दोन शैक्षणिक वर्षांच्या ए-लेव्हलसाठी (आपल्या अकरावी-बारावीसारखा टप्पा) आधीचा एक आणि नंतरचे चार महिने धरून व्हिसा साधारण सव्वादोन वर्षांचा होतो, आणि वरचे पाव वर्ष अर्धे वर्ष धरले जात असल्याने अडीच वर्षांचा अधिभार, १,९४० पौंड, पहिल्याच दिवशी लागतात.

भारतातून पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रत्येक निवासी व्यक्तीला, अज्ञानासही (अठरा वर्षांखालील मुलासही), आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. पॅन आणि परकीय चलन पाठवण्यासाठीचा ए-२ अर्ज आवश्यक असून अज्ञानाच्या वतीने पालक सही करतात. २०२५-२६ मध्ये शिक्षणासाठी पाठवलेल्या १० लाख रुपयांवरील रकमेवर बँक ५ टक्के कर गोळा करत होती. असा कर प्राप्तिकर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. पात्र वित्तसंस्थेच्या कर्जातून पाठवलेल्या रकमेवर हा कर नाही. मात्र शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील प्राप्तिकराची वजावट उच्च माध्यमिकनंतरच्या शिक्षणालाच मिळते, त्यामुळे शालेय शिक्षणाच्या कर्जाचे संपूर्ण व्याज आपल्याच खिशातून धरावे.

व्हिसा अधिकारी एका वर्षाचीच तरतूद तपासतो. पुढील वर्षांची फीवाढ, सुट्ट्यांतील विमानभाडे आणि बहुतेक शाळा मागतात त्या स्थानिक पालकाचे (गार्डियनचे) शुल्क यांचा हिशेब कुटुंबालाच करायचा असतो. सोबत राहण्यासाठीचा पालक व्हिसा १२ वर्षांखालील मुलांपुरताच असल्याने आईने तिथे राहून खर्च वाचवण्याचा पर्याय या वयात नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना सत्रकाळात आठवड्याला दहा तास काम करता येते, परंतु ती कमाई जमेच्या बाजूला लिहू नये, कारण आर्थिक पुराव्यातही ती विचारात घेतली जात नाही.