शंभरातले नव्वद तेजीवाले

शेवटच्या वेच्याच्या कापसाचे पैसे हातात आले आणि हिंगणघाटजवळच्या आमच्या गावात पुतण्याने मोबाईल पुढे केला. "काका, हा वायद्यांचा फंड एआय लावून बाजाराचा मूड वाचते म्हणे. टाकू का पैसे?" जाहिरातीत दरमहा ठरावीक परताव्याची हमी होती. तेवढ्यावरच त्याला 'नको' म्हटलं. वायदेबाजारात परताव्याची हमी कोणीच देऊ शकत नाही, आणि तशी हमी देणं बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमांतही बसत नाही. पण मूड वाचणं ही थाप नाही. त्यामागे गणित आहे आणि ते मला फार आवडतं.

वायदा म्हणजे पुढच्या तारखेला आज ठरलेल्या भावाने घेण्या-देण्याचा करार. व्यवस्थापित वायदा फंड अनेकांचे पैसे एकत्र करून कापूस, गहू, सोनं, कच्चं तेल, चलनं अशा वेगवेगळ्या वायद्यांत लावतो. भाव चढेल वाटलं तर आधी खरेदी, पडेल वाटलं तर आधी विक्री आणि मग स्वस्तात खरेदी. अमेरिकेत रिचर्ड डॉन्चियन यांनी १९४९ मध्ये असा फंड लोकांसाठी खुला केला. २००८ मध्ये तिथले शेअर सुमारे ३७ टक्के पडले, त्या वर्षी या जातीच्या फंडांनी सरासरीने नफा मिळवला. पुढची दहाएक वर्षं मात्र त्यांना बरीच कोरडी गेली.

मूड दोन तऱ्हांनी मोजतात. अमेरिकेतली वैयक्तिक गुंतवणूकदारांची एक संघटना १९८७ पासून दर आठवड्याला सभासदांना विचारते, की बाजार चढेल की पडेल? शिवाय तिथला वायद्यांचा सरकारी नियामक, मंगळवारी कोणत्या गटाचे किती सौदे उभे होते ते शुक्रवारी जाहीर करतो. एकात लोक काय बोलतात ते कळतं, दुसऱ्यात पैसे कुठे अडकलेत ते.

आता समजा, शंभरातले नव्वद जण 'चढेल' म्हणतात. मग भाव चढणारच, असं आपल्याला वाटतं. इथेच चूक होते.

केर्मॅक आणि मॅकेंड्रिक या स्कॉटिश शास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये साथ कशी पसरते याची समीकरणं मांडली आणि ती ताडून पाहायला मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगचे आकडे घेतले. तेजीची, म्हणजे भाव चढणार ही भावनाही माणसाकडून माणसाकडेच जाते. रोगी बरे होण्याचा भाग बाजूला ठेवू आणि शंभर घरांचं गाव घेऊ. एका दिवसात नवे किती जण तेजीवाले होतील? तेजीवाले गुणिले उरलेले, भागिले शंभर, आणि त्याला एका 'संसर्ग-अंकाने' गुणायचं. तो अर्धा धरू.

तेजीवाले १०, उरलेले ९०: नवे साडेचार. तेजीवाले ५०, उरलेले ५०: नवे साडेबारा. तेजीवाले ९०, उरलेले १०: नवे पुन्हा साडेचार.

भाव वर ढकलतो तो नवा खरेदीदार. ज्याने काल खरेदी केली तो आज नुसता आशेवर बसलेला असतो. म्हणजे दहा तेजीवाल्यांच्या गावात आणि नव्वद तेजीवाल्यांच्या गावात खरेदीचा जोर सारखाच. फरक दुसऱ्या दिवशी दिसतो. पहिल्या गावात साडेचाराचे सहाच्या वर जातात, दुसऱ्या गावात अडीचच्या आसपास येतात. गणिताच्या भाषेत, भाव मूडवर चालत नाही, मूडच्या अवकलजावर, म्हणजे मूड किती वेगाने बदलतोय त्यावर चालतो. आणि तेजीचा जोर वाढतोय की ओसरतोय हे कळतं अवकलजाच्या अवकलजावरून, म्हणजे तो वेग स्वतः वाढतोय की घटतोय त्यावरून. ९० या आकड्यात एवढंच सांगितलेलं आहे, की पटवायला आता दहाच उरले आणि विकू शकणारे नव्वद झाले.

हे आपण घरात अनुभवलंय. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला १२ हजारांच्या घरात गेला. पुढच्या हंगामात त्याच भावाच्या आशेने गावोगाव माजघरं कापसाने भरली, मुलाबाळांच्या अंगाला खाज सुटली तरी कोणी विकेना. जोवर एकेक घर माल रोखत होतं तोवर आवक घटत होती. रोखणारे सगळे रोखून बसल्यावर पुढची प्रत्येक हालचाल विक्रीचीच उरली. त्यात जागतिक मागणीही मंदावली, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात भाव ८ हजारांच्या खाली आला.

वायद्यात हा उतार आणखी तीव्र होतो. एमसीएक्स या वायदेबाजारात कापसाचा एक सौदा ४८ खंडींचा (खंडी हे रुईच्या व्यापारातलं माप), म्हणजे साधारण १७ हजार किलो रुई. सरकीसकट कापूस धरला तर ५०० क्विंटलच्या आसपास. एकरी ८ क्विंटलने बासष्ट एकरांचं पीक. खंडी ५५ हजारांना धरली तर सौदा २६ लाखांवर जातो, आणि मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी आधी भरायची अनामत, दहा टक्के धरलं तर भरायचे फक्त अडीच-पावणेतीन लाख. भाव चार टक्के पडला की लाखाच्या वर तोटा, तोही त्याच दिवशी खात्यातून वळता. भर घालता आली नाही तर सौदा सक्तीने विकला जातो, त्या विक्रीने भाव आणखी पडतो आणि पुढच्याची पाळी येते.

मग मूडने टोक गाठलं की उलटा सौदा, म्हणजे सगळे तेजीत असताना विक्री, करावा का? अडचण अशी, की शंभर घरांचं गाव आपण धरून चाललो होतो. खऱ्या बाजारात शेजारचं गाव कधीही जोडलं जातं आणि संसर्ग-अंकही बदलतो. म्हणून मूडवरून तारीख काढता येत नाही. अक्षय्य तृतीयेला बुलढाण्यातल्या भेंडवळला धान्याच्या दाण्यांची घटमांडणी होते आणि दुसऱ्या पहाटे ती पाऊस, पीक आणि भाव सांगते, आणि त्यावर विसंबून माल रोखणारे मी पाहिले आहेत. घटातले दाणे हलले म्हणून खरेदीदार वाढत नाही. मोजणी आणि भाकीत यांत हा फरक आहे, आणि 'एआय' हा शब्द लावला म्हणून तो मिटत नाही.

शिवाय आपल्यासारख्याला इथे वाटही अरुंदच. आपल्याकडे २०२१ च्या डिसेंबरात सेबीने सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले. अशी धोरणं वापरणाऱ्या, सेबीच्या वर्गवारीतल्या तिसऱ्या श्रेणीच्या पर्यायी फंडात किमान गुंतवणूकच एक कोटीची आहे. आणि शेअरांच्या वायदे-ऑप्शनमध्ये २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वैयक्तिक सौदेकरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, हा सेबीचाच अभ्यास आहे.

पुतण्याने पैसे बँकेत ठेवले. आता यार्डात गेला की तो भाव विचारतो आणि मग शेजारच्या गाडीवाल्याला विचारतो, "तुमच्या गावात अजून किती घरी कापूस हाये?"