टाकीतली रिकामी जागा

पंपावर नोझल ‘खट्’ करून थांबतं. मीटरवर १,९६२ रुपये दिसतात आणि पंपावरचा मुलगा विचारतो, “ताई, दोन हजारांचं राऊंड करू?” मी नको म्हणते. अडतीस रुपयांचा प्रश्न नाही, प्रश्न टाकीत वर उरलेल्या जागेचा आहे.

तो खटका पडतो कसा, हे बघण्यासारखं आहे. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल जोरात वाहतं तेव्हा नोझलच्या आत दाब कमी होतो आणि त्या भोकातून हवा ओढली जाते. टाकीतलं पेट्रोल चढत चढत टोकाला टेकलं की भोक बुजतं. हवा मिळेनाशी होते, आतला पातळ पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. वीज नाही, सेन्सर नाही, नुसता हवेचा दाब!

वरची जागा मुद्दाम सोडलेली असते. तापमान १० अंशांनी वाढलं की पेट्रोल साधारण एक टक्का फुगतं. पंपाची टाकी जमिनीखाली, तिथलं पेट्रोल थंड. ते भरून गाडी नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात उभी केली आणि पेट्रोल १५ अंशांनी तापलं, तर ४० लिटरमागे अर्ध्या लिटरहून जास्त वाढ होते. शिवाय वाफ होतेच. ही वाफ कोळशाच्या कणांनी भरलेल्या एका डब्यात शोषली जाते आणि नंतर इंजिन ती ओढून जाळतं. डबा वाफेसाठी आहे. गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीतून त्यात पातळ पेट्रोल शिरलं की कोळसा निकामी होतो, मग पेट्रोलचा वास येत राहतो आणि टाकी भरल्यावर गाडी चटकन सुरू होत नाही.

खरी भीती वाफेचीच बाळगावी. पेट्रोलला पेट घेण्याइतकी वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही सुटते, म्हणजे आपल्याकडच्या थंडीतही ती असतेच. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत पसरते. म्हणून कॅनमध्ये पेट्रोल घ्यायचं झालं तर कॅन डिकीत ठेवून भरू नका. डिकीतल्या गालिच्यावर साठलेल्या स्थिर विजेची ठिणगीही पुरते. कॅन खाली जमिनीवर ठेवून भरा.

टाकीचा तळही तितकाच महत्त्वाचा. हल्लीच्या गाड्यांत पेट्रोल खेचणारा पंप टाकीतच बुडलेला असतो आणि भोवतालचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. सतत रिझर्व्हवर गाडी चालवली की तो तापतो, लवकर झिजतो. काटा पावावर आला की भरून घ्यावं.

पण काटाही समजून घ्यायला हवा. टाकीत एका दांड्याला तरंगणारा फ्लोट असतो. तो वरखाली झाला की विजेचा रोध बदलतो आणि काटा हलतो. पेट्रोल डचमळतं म्हणून काटा मुद्दामच संथ ठेवलेला असतो. घाटात मात्र पेट्रोल बराच वेळ एका बाजूला सरकलेलं राहतं आणि काटा तेच दाखवतो. आंबोली चढताना आमचा काटा पार खाली गेला होता. वर चहाला थांबलो, गाडी सपाटीला लावली, आणि ग्लास संपेपर्यंत तो हळूहळू पावाच्या पुढे येऊन स्थिरावला.